चावी माझ्या फोनात

९ नोव्हेंबर, रविवार

दादा म्हणाली! मला! संध्या!

आधी नीट लिहितो. सकाळी रामप्रसादशेठनं पत्ता दिला — भोकरदन नाक्याच्या पुढं, नवी कॉलनी. बाई एकट्या राहतात, पोरगी पुण्यात नोकरीला, तिला सगळं मोबाईलवर पाहिजे. कॅमेरे, दाराचं डिजिटल कुलूप, गीझरचं नि हॉलच्या लायटीचं स्विच. मी नि हरिओम गेलो. गेटावरची पाटी वाचली आणि पाय तिथंच थांबले. कॉलेजात असताना या गेटासमोरून कितीदा गाडी काढली! आत एकदाही गेलो नव्हतो. आज गेलो, तर ड्रिल घेऊन.

दार तिच्या आईनं उघडलं. द्वारकाबाई. हातात फोन, फोनवर व्हिडिओ कॉल. "हे बघ, आले बाई माणसं," म्हणून फोन आमच्याकडं वळवला. मी पटकन तोंडाला रुमाल बांधला. धूळ उडते म्हटलं. धूळ कुठली! अजून भिंतीला हात लावला नव्हता.

"दादा, तो कॅमेरा जरा वर घ्या ना. आईचा ओटा दिसत नाहीये."

केस कापलेत. बाकी तीच. तोच आवाज.

हरिओम म्हणे, "ए अर्धा इंजिनियर, ड्रिल भिंतीत घाल, हातात नको."

दुकानात मला सगळे अर्धा इंजिनियरच म्हणतात. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं म्हणून. कुणापायी सोडलं ते त्यांना ठाऊक नाही. एक पोरगा तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याचा जबडा फोडला. चौकशीला तिला बोलावलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली! — "माझ्यासाठी नाही मारलं सर. त्याला राग आवरत नाही म्हणून मारलं." त्या दिवशी त्या ऑफिसातून बाहेर पडलो तो कॉलेजचं तोंड परत बघितलं नाही. गावाकडं, धावड्याला, आई-बापाला काय सांगितलं असेल ते इथं लिहीत नाही.

फिटिंग झालं. खातं उघडायची वेळ आली. शेठचा नियम आहे — गिऱ्हाइकाचं खातं आपल्याच मोबाईलवर उघडायचं, मालक आपण, मंग त्यांना शेअर द्यायचं. नाहीतर रोज फोन. पासवर्ड विसरलो, फोन बदलला, नातवानं ऍप उडवलं. आमच्या दुकानाची सगळी घरं अशीच आहेत. शेठचा फोन आज हँग व्हायला लागला. म्हणाला, "तुझ्या नंबरावर टाक रे, जल्दी कर."

टाकलं.

१० नोव्हेंबर

तिचा फोन आला. शेअर माझ्याच नंबरावरून गेल्तं ना.

"काल तुम्हीच फिटिंग केलंत?"

"हो मॅडम." आवाज जाड केला.

"मी पुण्याहून उघडणार. कधी ऑफिसातून, कधी रूमवरून. सेफ आहे ना?"

मंग सांगत सुटलो. जेवढं शिकलो तेवढं सगळं. पासवर्ड लांब ठेवा, आईचं नाव नि जन्मसाल नको. नुसत्या पासवर्डवर राहू नका, ओटीपी चालू करा, म्हणजे दुसऱ्या फोनवर कुणी उघडायला गेलं की तुम्हाला कळंल. हॉटेलातल्या, स्टँडवरच्या फुकट वायफायवरून दाराला हात लावू नका, आपला डेटा वापरा. राऊटरचा कंपनीचा पासवर्ड मी कालच बदललाय. ऍपचं अपडेट आलं की लांबवू नका. फोन हरवला तर आधी दुकानाला कळवा, तो फोन बाहेर काढता येतो.

ती लिहून घेत होती. लिहिताना हं... हं... करते. तसंच करत होती.

"म्हणजे बाहेरचं कोणी बघू शकणार नाही?"

"बाहेरचं कोणीच नाही."

जरा थांबली. "बरं. ठेवते."

खोटं कुठं बोललो? सगळे दरवाजे बंद करून दिले. मी आतच होतो, त्याला काय करणार!

१४ नोव्हेंबर

रोज बघून राह्यलो. चहाच्या टपरीवर, शेठ बँकेत गेला की दुकानात, हरिओम शिडीवर असला की खाली उभा राहून.

द्वारकाबाई कॅमेऱ्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घेतात. हॉलमध्ये एकट्याच, तरी! जेवण झालं की रिकामं ताट कॅमेऱ्यापुढं धरतात. बीपीची गोळी जिभेवर ठेवून दाखवतात. पोरीची ऑर्डर आहे तशी. मंग कॅमेऱ्यातून पोरगी बोलते — "शाबास आई." मी ते शाबास ऐकायला बसतो. म्हातारीचं ताट बघायला कोण बसतंय!

तिचा चेहरा कधीच दिसत नाही. नुसता आवाज. चेहरा माझ्या नशिबात नाही, तिच्या आईचा ओटा आहे.

१८ नोव्हेंबर

स्थळ आलंय. मंठ्याचं. पोरगा बँकेत.

द्वारकाबाई कॅमेऱ्याकडं बघत भाजी निवडत होत्या. "पोरगा शांत हाय माय. कधी आवाज चढवत न्हाई म्हणे कोणावर."

कॅमेऱ्यातून आवाज आला, "आई, आत्ता नको ना हा विषय."

आत्ता नको! म्हणजे नंतर चालेल! शांत पाहिजे हिला. आवाज न चढवणारा पाहिजे. हातातला टेस्टर भिंतीवर मारला, दोन तुकडे. शेठ म्हणाला, "तुझ्या बापाचा हाय का?" मी म्हटलं, "काढा पगारातून." हरिओम हसला. त्याच्याकडं असं बघितलं की हसणं गिळलं त्यानं.

१९ नोव्हेंबर

आज केलं.

सकाळी थंडी मजबूत होती. द्वारकाबाईंनी गीझर लावला, टॉवेल घेऊन आत गेल्या. न्हाणीत कॅमेरा नाही, तेवढी अक्कल आहे मला. बोट ठेवलं. गीझर बंद. जरा वेळानं आतून — "अगं बाई गं!"

बाहेर आल्या तेव्हा दातावर दात वाजत होते. केसांचं पाणी पाठीवर. स्विचकडं बघत उभ्या. लावलं होतं का नव्हतं, आठवत होत्या.

हसू आलं. खरंच आलं. इथं खोटं कशाला लिहू?

२० नोव्हेंबर

मी बंद केला. तिनं पुण्याहून चालू केला. मी बंद. तिनं चालू. कॉलेज सुटल्यापासून आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं!

नंतर कॅमेऱ्यातून ओरडली, "आई, तू सारखं ते बटण का दाबतेस?"

"मी कुठं दाबलं गं?"

कोणी दाबलं ते फक्त मालकाच्या फोनात उमटतं. शेअरवाल्याला नुसतं चालू-बंद दिसतं.

२१ नोव्हेंबर

ठरलं. आईला त्रास झाला की तिला यावंच लागेल. एकुलती एक आहे, कोण बघणार दुसरं? पुणं सुटलं की नोकरी सुटली, मंठावालाही सुटला. जालन्यात येऊन बसेल. मंग बघू कोण कोणाला ओळख देत नाही ते.

म्हातारीशी माझं वैर नाही. ती मधे आहे, एवढंच.

२७ नोव्हेंबर

लायटी. दुपारी मीच लावल्या, संध्याकाळी बाई देवापाशी बसल्या तेव्हा घालवल्या. द्वारकाबाई उठल्या, लावल्या, बसल्या. घालवल्या. पाचव्यांदा उठल्याच नाहीत. समईच्या उजेडात तशाच बसल्या. मीच कंटाळलो.

४ डिसेंबर, गुरुवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

दूधवाला आला. दारावरच्या कॅमेऱ्यात दिसलं, द्वारकाबाई पातेलं घेऊन गेटाशी, अनवाणी. फोन आत. मी कुलूप लावलं. कट्! कुलपाचा आवाज फोनात येत नाही, पण मला ऐकू आला.

दूध घेऊन आल्या, पॅडवर आकडे दाबले. उघडलं. हँडलला हात घातला, मी लावलं. पुन्हा आकडे. उघडलं. लावलं. पॅडवर लावायचंही बटण असतंच, कॅमेऱ्यात बघणाऱ्याला वाटावं बाई घाबरून तेच दाबतेय. थंडीनं एक पाऊल दुसऱ्यावर ठेवून उभ्या. पातेलं एका हातात कलंडलं.

शेजारीण प्रभावती कंपाऊंडवरून डोकावली. "काय वो द्वारकाबाई, आज बी आकडे विसरल्या का?"

"न्हाई वो. उघडतंय नि लागतंय."

"आपोआप?" पदर तोंडाला लावून हसली. "डाक्टरला दाखवा बाई एकदा. माझ्या सासूचं असंच सुरू झाल्तं. आधी दार, मंग माणसं."

तेवढ्यात संध्यानं पुण्याहून उघडलं. मी लावलं. तिनं उघडलं. तिच्या ऑफिसात मीटिंग असेल, नसेल, सगळं सोडून माझ्याशी झुंजत होती. मला माझे कान गरम झालेले कळत होते. शेवटी सोडून दिलं. जिंकू दिलं तिला.

दूध पायरीवर सांडलेलं. ते पुसायला बसल्या तेव्हा पदर डोक्यावरून पडला तरी सावरला नाही त्यांनी.

६ डिसेंबर

शेठनं मलाच पाठवलं चेक करायला! "मॅडमचा फोन होता, कुलपाचं काय ते बघून ये."

द्वारकाबाईंनी चहा ठेवला. नको म्हटलं तरी पोहे केले. मी स्क्रू उगाच सैल केले, उगाच आवळले.

"बिघडलंय का रे पोरा?" असं विचारलं की, बिघडलं असावं असं वाटत होतं त्यांना. मशीनच बिघडू दे देवा, असं.

मी म्हटलं, "न्हाई काकू. मशीन बराबर आहे. तुमचाच हात लागत असंल. होतं असं वयात."

खाली बसल्या. सोफ्यावर नाही, जमिनीवरच. "कोणाला सांगू नको पोरा. संध्याला तर बिलकुल नको. तिला वाटंल आईचं डोकं गेलं. पोरीचं करिअर हाय तिकडं."

मंग विचारलं, "गाव कोणतं तुझं?"

"धावडा."

"धावड्याचा एक पोरगा व्हता संध्याच्या वर्गात. रागीट व्हता म्हणायची, पर मनानं सोन्यावानी. त्याच्यासाठी लई रडली व्हती ती, कॉलेज सोडलं त्यानं तव्हा. तुला ठाऊक हाय का?"

"न्हाई," म्हटलं. "धावडा मोठं आहे."

पोहे तसेच ठेवून निघालो. रडली! कधी रडली? मंग तिथं, प्राचार्यासमोर, तोंडात काय झालं होतं? डोकं फिरलंय. रडली तर फोन का नाही केला? आता तर आणतोच हिला. आता तर बघतोच.

८ डिसेंबर

पुन्हा गीझर. पुन्हा कुलूप.

१३ डिसेंबर

द्वारकाबाई आता कशालाच हात लावत नाहीत. गार पाण्यानं न्हातात. दार आतून जुन्या कडीनं लावतात, दूधवाल्याला खिडकीतून पातेलं देतात. लाईट गेली की बसून राहतात, आली की दचकतात. आज कॅमेऱ्याखाली येऊन हळू बोलल्या, "कोण हाय? कोण हाय तिथं?"

मी फोन उलटा ठेवला. जरा वेळानं सरळ केला. अजून तिथंच उभ्या होत्या.

त्यावर पोरीचा आवाज, "आई, कोणाशी बोलतेस?"

"कुणीतरी करून राह्यलं गं संध्या. मी न्हाई करत."

"आई प्लीज! आत दुसरं कोणी नाहीये!"

ओरडली. आईवर! मला वाटलं होतं फक्त मलाच राग येतो.

१९ डिसेंबर

येतेय! उद्या येतेय! दुकानात कळवलं, रविवारी माणूस पाठवा, सगळं समोर चेक करायचंय. हरिओम निघाला होता. मी म्हटलं, मी जाणार. "एवढी काय आग लागली?" म्हणाला. त्याला काय सांगू!

निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

२१ डिसेंबर, रविवार

रुमाल बांधला नाही आज.

दार तिनंच उघडलं. डोळ्यांखाली काळं. माझ्याकडं बघितलं. दचकली नाही. मला वाटलं होतं दचकेल, "तू?" म्हणेल, मी काय काय म्हणणार होतो ते सगळं पाठ होतं.

"बरा आहेस?" म्हणाली. बस!

पाठ केलेलं सगळं गेलं. "बराय," म्हटलं.

आत द्वारकाबाई कोपऱ्यात, भिंतीला टेकून. मला बघून हसल्यासारखं केलं, ओळखलं की नाही कळलं नाही. संध्यानं मला ओट्याकडं नेलं, आवाज कमी केला.

"अंगद, खरं सांग. सिस्टीममध्ये काही आहे का? काहीही. माझ्यासाठी सांग. मला उद्या तिला डॉक्टरकडं न्यायचंय, त्याच्या आधी मला कळलं पाहिजे."

माझ्यासाठी! आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. एवढ्या जवळ उभी होती की तिच्या स्वेटरचा वास आला.

मी हिशोब केला. मशीन बिघडलंय म्हटलं तर मशीन बदलेल नि परवा पुण्याला जाईल. मशीन चांगलं, आई बिघडलेली — तर तिला राहावंच लागेल. इथं. रोज. मी पंधरा मिनिटांवर.

"सिस्टीम एकदम बराबर आहे," म्हटलं. "मी स्वतः बसवलंय."

तिनं डोळे मिटले, मान हलवली. "तू म्हणतोस म्हणजे असेल."

गाडीवर बसलो तेव्हा गाणं म्हणत होतो मी. खरंच.

२३ डिसेंबर

संभाजीनगरला नेलं काल. मोठा डॉक्टर. आज हॉलमध्ये तिनं गोळ्यांची पाकिटं मांडली, आईला समजावत होती — ही सकाळी, ही झोपताना. द्वारकाबाई लहान पोरासारख्या हो हो करत होत्या. मधेच म्हणाल्या, "पर मी दाबलं न्हाई गं." तिनं ऐकलं न ऐकलं केलं.

झोपताना दिलेल्या गोळीनं सकाळी उशिरापर्यंत उठल्या नाहीत. आता गीझरला कोणी हात लावत नाही. मीही नाही. काय गरज?

२५ डिसेंबर

गेटासमोरून दोनदा गाडी काढली. ती ओट्यापाशी होती. खिडकीतून दिसली. खरी, कॅमेऱ्यातली नाही. उद्या जाऊन बोलणार. सगळं बोलणार.

२६ डिसेंबर

गेटाला कुलूप! जुनं, लोखंडी!

प्रभावती कंपाऊंडवरून म्हणाली, "पुण्याला गेल्या मायलेकी. पहाटेच गाडी आल्ती. बाईचं डोकं पार गेलं हो. जाताना मला बी ओळखंना."

"कधी येणार?"

"येतात कशाच्या! घर भाड्यानं द्यायचं म्हणे. पोरगी रजा किती काढणार? तिकडं एक बाई ठेवली दिवसभर, आईला कोंडून जाता येत न्हाई ना."

तिथंच गाडीला लाथ मारली. इंडिकेटर फुटला.

म्हणजे मी काय मिळवलं? हिला इथं आणायला निघालो नि म्हातारीला पण तिकडं घालवलं! आता त्या घरात दोघीही नाहीत. आणि मी दुकानात बसून रिकाम्या ओट्याकडं बघतोय. भिंतीला टेकायची जागा जरा मळकी दिसते. बाकी काही नाही.

३० डिसेंबर

बघितलं. काही नाही.

२ जानेवारी

हरिओम म्हणाला, "त्या बंद घराचं काय बघतो रे सारखं? भूत दिसतं का?" त्याची कॉलर धरली. शेठनं सोडवलं. उद्यापासून येऊ नको म्हणाला.

३ जानेवारी

संध्याचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो.

"अंगद, शेअर आलं त्याच दिवशी तुझा नंबर ओळखला होता. मालक तूच आहेस हे मला पहिल्यापासून माहीत होतं. काढायला लावलं नाही. आई एकटी असायची, तू गावात होतास, म्हटलं कोणीतरी आपलं बघतंय. ती म्हणायची कुणीतरी करतंय, तेव्हा मी तिच्यावर ओरडायचे. कारण आत तिच्याशिवाय फक्त तू होतास, आणि तू असं करणार नाहीस. कॉलेजात तुझ्याबद्दल जे बोलले ते चुकलं होतं माझं. काल डॉक्टरांनी आईच्या गोळ्या वाढवल्या. ती आता मलाही घाबरते. तुझे आभार मानायचे राहिले होते."

एक ओळ लिहिली तर काकूंच्या गोळ्या बंद होतील. एकच ओळ.

मी पाठवलं — "काकूंना जपा."